दुसरा स्विच बंद होता

मी तोतरा आहे. बाकीची अक्षरं कशीबशी पार पडतात, पण 'ब' आला की माझे ओठ मिटतात ते मिटतातच. आत हवा कोंडते, मान ताठ होते, डावा डोळा आपोआप बारीक होतो. समोरचा आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग जमिनीकडे. आणि मी राहतो बडोद्यात. कुठले तुम्ही, असं कोणी विचारलं की मी सुभानपुरा म्हणून मोकळा होतो. असे शब्द बदलत बदलतच मी शाळा काढली, इंजिनीअर झालो, लग्न केलं. ऐन वेळी दुसरा शब्द सापडला नाही, असं फार कमी वेळा झालं.

वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्या बनवणारी एक कंपनी होती. तिथे मी कॉम्प्युटर विभागात नेटवर्क सांभाळायचो. या कामात बोलावं फार लागत नाही, म्हणून ते मला आवडायचं. सर्व्हर रूमचा गारवा आणि पंख्यांचा आवाज असला की मला बरं वाटे. तिथे कोणाला कोणाचं धड ऐकू येत नसे, त्यामुळे सगळेच हातवारे करत.

मग नवी यंत्रणा आली, ब्लेड सर्व्हरची. हे सर्व्हर पुस्तकासारखे उभे आणि पातळ असतात. कपाटाच्या खणात पुस्तकं लावावीत तसे ते एका जाड लोखंडी पेटीत ओळीने सरकवतात. त्या पेटीला चॅसी म्हणतात. एकेका सर्व्हरला वेगळ्या वायरी लावत बसायचं नसतं. पेटीच्या मधोमध एक मोठा बोर्ड असतो. समोरून सर्व्हर त्यात जाऊन बसतात आणि मागून त्याच बोर्डात स्विच बसतात. स्विच दोन. प्रत्येक सर्व्हरची एक जोडणी पहिल्या स्विचला जाते आणि एक दुसऱ्याला. तिथून वायरी निघून कंपनीच्या नेटवर्कला मिळतात. एक स्विच गेला तरी दुसऱ्यावर सगळं चालू राहतं, कोणाला पत्ताही लागत नाही. दोन्ही गेले तर मात्र समोरचे सर्व्हर चालू असूनही निरुपयोगी.

ती चॅसी मी माझ्या हाताने जोडली होती. मागच्या वायरी रंगवार बांधून घेतल्या होत्या. बघायला येणारे लोक तिचे फोटो काढत.

बघायला लोक फार येत, कारण आमच्या साहेबांना ती दाखवायला आवडे. साहेब म्हणजे विभागप्रमुख. आमच्यासारखेच मराठी, पण आमच्यासारखे नव्हेत. त्यांचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, फतेगंजला त्यांचं मोठं घर होतं. माझे वडील जळगावकडून रिफायनरीत नोकरीला आले आणि इथलेच झाले. साहेब माझ्याशी एकटे असले की मराठी बोलत, शुद्ध आणि गोड. चारचौघांत गुजराती. मी रुजू झालो तेव्हा त्यांनी पाठीवर हात ठेवून विचारलं होतं, "खानदेशातले का? उच्चारावरून वाटलंच." मी तेव्हा जेमतेम दोन शब्द बोललो होतो.

पाहुण्यांना चॅसी समजावून सांगायचं काम त्यांनी मला दिलं. मी नको म्हटलं, तर म्हणाले, "तुम्हीच जोडलीत, तुम्हीच सांगा. लाजता कशाला?"

पहिल्यांदा मला खरंच वाटलं की ते मला पुढे आणताहेत.

मी पाहुण्यांसमोर 'हा सर्व्हर' म्हणून सुरुवात केली. साहेब मागून गुजरातीत म्हणाले, "कुठला सर्व्हर? पूर्ण नाव सांगा ना."

मी ओठ मिटले. ब. ब. ब. पाहुणे आधी गंभीर होते, मग एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. साहेब हसले नाहीत. ते अगदी प्रेमाने म्हणाले, "बोलो, बोलो. कंई उतावळ नथी." घाई नाही म्हणे. शब्द बाहेर पडला तेव्हा त्यांनी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच वाजवली.

त्यानंतर तो कार्यक्रमच झाला. ऑडिटला आलेली माणसं असोत, मुंबई ऑफिसचे असोत की कॉलेजची मुलं, साहेब त्यांना घेऊन येत आणि मला उभं करत. 'ब' कुठे येतो हे त्यांनी पाठ करून ठेवलं होतं. मी गुजरातीत 'बन्ने स्विच', म्हणजे दोन्ही स्विच, असं म्हणायचं टाळून 'आ स्विच अने पेलो स्विच', हा आणि तो, म्हटलं की ते विचारत, "एटले केटला?" म्हणजे किती. दोनला गुजरातीत 'बे' म्हणतात.

एकदा त्यांनी कुठेतरी वाचलं की तोतरी माणसं गाताना अडत नाहीत. मुंबईची मंडळी आली होती. साहेब म्हणाले, "आज गाऊन सांगतील." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. माझ्याशेजारी माझा सहकारी उभा होता, आम्ही रोज एका टेबलावर डबा खायचो. तो वायरींकडे बघत राहिला.

मी गायलो. अंगाईची चाल तोंडात आली, तीच घेतली. ब्लेड सर्व्हर पुढे, बोर्ड मध्ये, स्विच मागे. एकदाही अडलं नाही. इतकी टाळ्यांची दाद मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती, आणि काय सांगू, मला ती आवडली. बसमधून घरी येताना मी मनातल्या मनात परत गायलो. सुभानपुऱ्याच्या वळणावर उतरलो तेव्हा मला उलटी झाली.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "वरती तक्रार कर." मी म्हटलं, काय सांगू? त्यांनी मला शिवी दिलेली नाही, हात लावलेला नाही. पाहुण्यांसमोर बोलायची संधी दिली, एवढंच.

मग तो दिवस आला. आदल्या दिवशी दुसऱ्या स्विचचं सॉफ्टवेअर नवं करताना तो अडकला होता. परत सुरूच होईना. सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस अहमदाबादहून नवा स्विच घेऊन संध्याकाळपर्यंत येणार होता. तोवर सगळा भार एकट्या पहिल्यावर. मी साहेबांना मेल केला होता. ते मेल वाचत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सकाळी केबिनमध्येही गेलो. ते फोनवर होते. मी तोंड उघडलं तशी त्यांनी हाताने थांबवलं. "आत्ता नको हो. तुमचं सुरू झालं की माझी मीटिंग जाते."

जेवणाच्या सुट्टीआधी ते पाहुणे घेऊन आले. एका मोठ्या गिऱ्हाईक कंपनीची माणसं होती. आम्ही सगळे चॅसीच्या मागे उभे राहिलो. माझं बोलणं झालं, हशा पिकला. तेवढ्यावर भागेल असं मला वाटलं होतं, पण साहेब त्या दिवशी रंगात होते. म्हणाले, "नुसतं सांगून काय, दाखवतो. एक स्विच काढला तरी आमची कंपनी चालू राहते."

आणि त्यांनी पहिल्या स्विचच्या खटक्यावर बोट ठेवलं.

मला म्हणायचं होतं, 'बीजो बंद छे.' दुसरा बंद आहे. सगळं बोलणं गुजरातीत चाललं होतं, म्हणून तेच वाक्य ओठांवर आलं. दोन्ही शब्द 'ब'चे. माझे ओठ मिटले. मी हात पुढे केला. साहेबांनी तो बाजूला केला आणि पाहुण्यांकडे बघून डोळे मिचकावले. "थांबा, थांबा, काहीतरी महत्त्वाचं सांगायचंय त्यांना. बोला. आम्ही थांबलोय." मी ब, ब करत होतो. कोणीतरी मागे खुदकन हसलं. साहेबांनी माझ्याकडे बघत बघत, शब्द बाहेर पडायची वाट बघितल्यासारखं करत, खटका दाबला आणि स्विच ओढून बाहेर काढला.

पंखे तसेच फिरत होते. आधी काहीच झालं नाही. साहेबांनी स्विच हातात उंच धरला, "जोयुं?" म्हणाले. पाहिलंत?

मग बाहेरच्या खोलीतले फोन वाजायला लागले. पॅकिंगचा वाजला, गोदामाचा वाजला, गेटचा वाजला. माझा शब्द तेव्हा बाहेर पडला. "बंद छे."

साहेबांनी घाईघाईने स्विच परत खुपसला. सुरू व्हायला त्याला काही मिनिटं लागतात, पण त्यांना धीर निघेना. त्यांनी तो परत ओढला, परत ढकलला, वाकडा बसला तर तळहाताने ठोकला. आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मधल्या बोर्डाच्या पिना वाकल्या होत्या. आता नवा स्विच जरी आणला असता तरी त्या जागी बसला नसता.

दुपारभर कारखाना बंद होता. गेटबाहेर ट्रक उभे राहिले, पॅकिंगच्या बायका झाडाखाली जाऊन बसल्या. मी चॅसीच्या मागे जमिनीवर बसून दुसऱ्या स्विचची जागा तयार करत होतो. संध्याकाळी अहमदाबादचा माणूस आला, आम्ही नवा स्विच दुसऱ्या जागेत बसवला आणि सगळं सुरू झालं. साहेब तेवढ्यात एकदाच डोकावून गेले. माझ्याशी मराठीत बोलले. "काय हे. एक शब्द बोलता आला नाही तुम्हाला."

चौकशी झाली. टेबलामागे कारखान्याचे मुख्य अधिकारी, मनुष्यबळ विभागाच्या बाई आणि आमचे साहेब. ज्यांनी स्विच काढला तेच चौकशीला बसले आहेत, हे कोणाला खटकलं नाही. माझा मेल त्यांच्यासमोर होता. मुख्य अधिकारी म्हणाले, "मेल ठीक आहे. पण तुम्ही तिथे हजर होतात. तोंडाने का नाही सांगितलं?"

मी सांगायला लागलो. बाई म्हणाल्या, "सावकाश, सावकाश," आणि तेवढ्यात मुख्य अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं.

साहेब म्हणाले, "त्यांना नुसतं 'थांबा' म्हणता आलं असतं. 'थांबा'मध्ये तर 'ब' सुरुवातीला नाही."

हे त्यांना माहीत होतं. माझ्या तोंडात कुठलं अक्षर कुठे अडतं, हे माझ्या आईनंतर इतक्या बारकाईने कोणी अभ्यासलं नसेल. आणि त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. 'थांबा' मला येतं. 'नको' येतं. 'सर' येतं. त्या क्षणी यातला एकही शब्द आठवला नाही, कारण जो मिटलेल्या ओठांत असतो तो आधी सुटल्याशिवाय दुसरा येतच नाही. हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागला असता.

डब्याच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बोलावलं. त्याला विचारलं, यांनी काही इशारा दिला होता का? तो म्हणाला, "नाही. काही बोलला नाही." तेही खरंच होतं. त्या दिवसापासून तो डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसू लागला. 

शिक्षा अशी झालीच नाही. साहेबांनी मध्ये पडून ती टाळली, असं मला कळवण्यात आलं. फक्त माझी बदली झाली. सर्व्हर रूममधून हेल्पडेस्कला. म्हणजे दिवसभर फोन घ्यायचे.

साहेबांनी स्वतः येऊन माझी खुर्ची दाखवली. खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या भल्यासाठीच करतोय हो. सवयीने सुटतं. आमच्या आत्याचा मुलगा असाच होता, आता वकील आहे."

फोनवर समोरच्याला तोंड दिसत नाही. मी अडलो की त्याला वाटे लाइन गेली. "हॅलो? हॅलो? आ फोन पण बंद छे," असं म्हणून लोक ठेवून देत. मग मेलवर तक्रार टाकत की हेल्पडेस्क फोन उचलत नाही. काहींना कारण कळल्यावर ते मुद्दाम फोन करू लागले. पॅकिंगमधला एक जण रोज जेवणानंतर फोन करायचा. मागे चार-पाच जण श्वास रोखून उभे असल्याचं ऐकू यायचं. तो विचारायचा, "साहेब, ते पातळ पातळ सर्व्हर असतात, त्यांना काय म्हणतात?"

मी फोन ठेवत नसे. ठेवला असता तर तीही तक्रार झाली असती.

याच दिवसांत आमची मुलगी अडखळायला लागली. चार वर्षांची होती. "म-म-मला दूध." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो आणि बायको कणीक मळत होती. दोघांपैकी कोणी वर पाहिलं नाही. मग मुलीने परत म्हटलं, "म-म-मला." बायकोचे हात थांबले.

आम्ही तिला फतेगंजला वाचातज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी तिच्याशी खेळत खेळत बोलून घेतलं. म्हणाल्या, या वयात पुष्कळ मुलांचं होतं, बहुतेकांचं आपोआप जातं. घरात कोणाला असेल तर शक्यता थोडी वाढते, पण ऐकून ऐकून लागत नाही. बायकोने तीन वेळा विचारलं, "ऐकून लागत नाही ना?" बाई तिन्ही वेळा नाही म्हणाल्या.

आम्ही स्कूटरवर परत आलो. मुलगी मध्ये बसली होती. घरी आल्यावर बायकोने तिला खेळायला खाली पाठवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"थोडे दिवस तिच्यासमोर बोलू नकोस," ती म्हणाली.

मी म्हटलं, "त्या म्हणाल्या ना, की—"

"मला माहितीये त्या काय म्हणाल्या. तरी. माझ्यासाठी." मग तिचा आवाज चिरकला. "तुला काय काय सोसावं लागतं ते मी रोज बघते. तिला नको रे."

ती रडत होती. मी तिच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. खरंच तिच्या जागी असतो तर बरं झालं असतं, असंही तेव्हा वाटलं.

मी मुलीसमोर बोलणं सोडलं. दिवसभर फोनवर बोलायचो आणि घरी आलो की गप्प. ती चित्र दाखवायला आली की मान डोलवायचो. ती विचारायची, "हा हत्ती आहे की गाय?" तर मी दोन्ही हात कानाला लावून हत्तीचे कान करायचो. तिला आधी गंमत वाटली. मग ती चित्र आईलाच दाखवू लागली. झोपताना गोष्ट आई सांगे. मी दाराशी उभा राहून ऐकत असे.

हिवाळा गेला. मुलीचं अडखळणं हळूहळू कमी झालं आणि शाळा सुरू होईपर्यंत गेलंच. वाचातज्ज्ञ बाई म्हणाल्या होत्या तसं. पण बायको तिच्या आईला फोनवर सांगत होती, ते मी ऐकलं. "यानं बोलणं बंद केलं म्हणून गं. नाहीतर काही खरं नव्हतं."

साहेबांना दुसऱ्या कंपनीत मोठी जागा मिळाली. कॅन्टीनमध्ये निरोप समारंभ झाला. ते चांगले वक्ते होते, लोक त्यांच्यावर प्रेम करत. त्यांनी त्या दुपारची गोष्ट स्वतःवरचा विनोद म्हणून सांगितली. स्विच कसा काढला, फोन कसे वाजले. माझी नक्कल केली, डोळ्यासकट. लोक पोट धरून हसले. मनुष्यबळाच्या बाई ओढणीने डोळे पुसत होत्या. मग साहेबांनी मला वर बोलावलं आणि माइक माझ्या तोंडासमोर धरला. "माझ्याविषयी दोन शब्द."

मला ते दोन शब्द सहज आले. मराठीतच आले, आणि एकदाही अडलो नाही. "सर वाईट माणूस आहेत."

 'वाईट' हा शब्द गुजरातीत नाही. ज्यांना कळला असेल त्यांनी तसं दाखवलं नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. माइक स्वतःकडे घेऊन ते गुजरातीत म्हणाले, "कहे छे के हुं बहु सारो माणस छुं." हा म्हणतोय की मी फार चांगला माणूस आहे.

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी मला मिठी मारली आणि कानात म्हणाले, "बघा, कसं स्वच्छ बोललात."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी ती नोकरी सोडली. आता घरूनच काम करतो. सगळी यंत्रणा कुठल्यातरी दूरच्या शहरात आहे, तिची चॅसी मी कधी पाहिलेली नाही, आणि सहकाऱ्यांशी बोलणं टाइप करून होतं. त्यांना मी हुशार वाटतो. माझा आवाज त्यांनी ऐकलेला नाही.

मुलगी आता तिसरीत आहे. भराभर बोलते, तीन भाषांत बोलते, माझं वाक्य अडलं की पूर्ण करून टाकते. परवा सकाळी बुटाच्या नाड्या बांधता बांधता सहज म्हणाली, "पप्पा, मी लहान होते ना, तेव्हा तू माझ्याशी बोलायचाच नाहीस. मला वाटायचं मी काहीतरी केलंय."

बायको डबा भरत होती. तिने झाकण लावलं नाही, तसंच हातात धरून उभी राहिली.

मी मुलीसमोर खाली बसलो. मला तिला सगळं सांगायचं होतं, निदान तू काही केलं नव्हतंस एवढं तरी. सुरुवात केली आणि पहिल्याच शब्दाला ओठ मिटले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने एक शब्द सुचवला, तो नव्हता. दुसरा सुचवला, तोही नव्हता. खाली शाळेच्या व्हॅनने हॉर्न दिला.

"संध्याकाळी सांग," ती म्हणाली, आणि आईच्या हातातून डबा घेऊन जिना उतरून गेली.